खुर्चीवरचे सात दाणे

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या वेताच्या खुर्चीवर तांदळाचे सात दाणे सापडले, आणि ते तपासनीसांना सापडले, हीच सगळी पंचाईत झाली. दुसऱ्या कुणाला दिसले असते तर त्याने हाताने झटकून टाकले असते आणि विषय संपला असता. पण तपासनीस म्हणजे धान्याच्या कोठारातले तपासनीस. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर धान्य बाहेर काढायचं, तळहातावर पसरायचं आणि माल किती जुना, किती तुकडा, किती किडका ते उभ्या उभ्या सांगायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं होतं. असा माणूस दाणे झटकत नाही. चष्मा शोधायला जातो.

चष्मा लावून त्यांनी एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, हा आपला तांदूळ नव्हे."

"मग फेकून द्या," बायको आतून म्हणाली.

"फेकून कसा देऊ? आपला लांब दाण्याचा. हा आखूड. पिवळट पडलाय, म्हणजे जुना माल. शिवाय तुकडा." एवढं बोलून त्यांनी तो दाणा दाढेखाली ठेवला आणि चावला. आता यात कुणी नाक मुरडायचं कारण नाही. दाणा दाताखाली कसा तुटतो यावरून जुने तपासनीस ओलावा सांगतात. कोठारात यंत्रं आली तरी तपासनीस आधी दात वापरायचे आणि मग यंत्राने आपलंच म्हणणं खरं केलं म्हणून यंत्राचं कौतुक करायचे. "अकरा टक्के," ते म्हणाले. "जरा कमीच असेल."

त्या खुर्चीवर रोज दोन गोष्टी असायच्या. एक, मावशींची कापडी पिशवी. मावशी त्यांच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाक करत होत्या. आल्या की पिशवी त्या खुर्चीवर ठेवायच्या आणि कामाला लागायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे ढमी. लेक शिकायला परगावी गेली तेव्हा मागे अर्धवट विणलेला स्वेटर आणि एक मांजर ठेवून गेली होती. स्वेटर अजून अर्धवट होता. मांजर मात्र भरपूर झाली होती. पोट असं टम्म, की येणारा जाणारा म्हणायचा, काय बाळसं धरलंय हो! तिला दिवसाचे अठरा तास झोपायला मावशींची पिशवीच लागायची.

त्या दिवशीही पिशवी खुर्चीवर होती. तपासनीसांनी ती जरा उचलली. खाली आणखी तीन दाणे. पिशवीच्या शिवणीत दोन. आता सत्तावीस वर्षांची नोकरी अशी असते, की फुटक्या पोत्यातून माल गळताना दिसला की माणसाचं डोकं पुढचा हिशेब आपोआप करतं. त्यांचंही केलं. तांदूळ आपला नाही. तो पिशवीतून सांडलाय. मावशी आपल्याकडे येण्याआधी याच इमारतीत आणखी दोन घरी जातात.

मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी खुर्चीकडे नुसतं एकदा पाहिलं.

"साहेब, तांदूळ नाही तो. मांजरीचं आहे ते. तिच्या शेपटीखाली पण चिकटलेलं असतं. मी बाईंना सांगणारच होते, जंत झालेत हिला."

इथे तपासनीस हसले. पुढे कित्येक दिवस त्यांना आपलं ते हसू आठवायचं आणि ते जिथे असतील तिथे डोळे मिटून घ्यायचे. "मावशी," ते म्हणाले, "तांदूळ कुठला आणि जंत कुठला, हे आता तुम्ही मला शिकवणार?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मावशी निघाल्या तेव्हा ते त्यांच्यामागे जिन्यात गेले आणि म्हणाले, "जरा पिशवी बघू." अगदी सौम्यपणे म्हणाले. त्यांना वाटलं, सौम्यपणे म्हटलं की ते वाईट दिसत नाही. नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरत होत्या आणि खालून इमारतीचे सेक्रेटरी वर येत होते. पिशवीत एक छत्री, एक फणी, औषधाची रिकामी बाटली आणि घड्या घातलेला रुमाल होता. रुमालाच्या घडीत एक दाणा होता. तपासनीसांनी तो दोन बोटांत धरून वर केला.

मावशींनी पिशवी घेतली, आपल्याजवळची तपासनीसांच्या घराची किल्ली काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि खाली उतरून गेल्या.

"तुम्हाला काही लाज?" बायको म्हणाली. ती दारात उभी होती. "अकरा वर्षं!"

"मी कुठे काय बोललो? मी फक्त नमुना घेतला."

नमुना घेतला की अहवाल आलाच. सेक्रेटरी म्हणजे कागदावर असल्याशिवाय पाऊस पडतोय हेही न मानणारे गृहस्थ. ते म्हणाले, "तोंडी नको, लेखी द्या. इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे." मग तपासनीसांनी दुपारी बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नमुना क्रमांक एक. तांदूळ, आखूड दाणा, जुना, तुकडा. ओलावा अंदाजे अकरा टक्के. कीड नाही. सदर माल निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या घरातील साठ्याशी जुळत नाही. सबब तो इमारतीतील अन्य घरातून आला असावा. रहिवाशांनी आपापले डबे तपासावेत. नमुना सोबत जोडला आहे.' खाली सही, हुद्दा. कागदाला पारदर्शक पुडीत सहा दाणे जोडून ते सगळं तळमजल्याच्या फलकावर लागलं. मावशींचं नाव त्यात कुठेही नव्हतं, याचं तपासनीसांना फार समाधान होतं. नाव लिहायची गरजच नव्हती म्हणा. जिन्यात काय झालं ते काकूंच्या शिवणयंत्राच्या आवाजाबरोबर दुपारपर्यंत घराघरात पोचलं होतं.

सोमवारपासून लोक वाट्या घेऊन यायला लागले. "बघा बरं, आमचा जुळतो का?" तपासनीस दोन बोटांनी चिमूट घ्यायचे, भुवया चढवायचे आणि म्हणायचे, "छे. हा गिरणीतून दोनदा काढलेला." लोक माना डोलवायचे. खरं सांगायचं तर ते चार दिवस त्यांना फार सुखाचे गेले. कोठारात त्यांच्या शब्दाला मान होता, पण तिथे मान देणारी पोतीच जास्त. इथे माणसं होती. बुधवारी तर फलकापाशी वर्गच भरला. काकूंनी पुडी उघडून वास घेतला. सेक्रेटरींनी विचारलं, "ते ओलाव्याचं कसं कळतं म्हणालात?" तपासनीस म्हणाले, "असा दाढेखाली धरा आणि कट् आवाज ऐका." सेक्रेटरींनी नमुन्यातला एक दाणा दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि कट् आवाज ऐकला. "अकरा," ते म्हणाले. तपासनीसांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माल कुणाचाच जुळला नाही. पण शहाणपण म्हणून त्या दोन्ही घरांनी मावशींना 'थोडे दिवस राहू दे' असा निरोप पाठवला.

एक गोष्ट मात्र तपासनीसांना आतून कुरतडत होती. मावशी गेल्या, पिशवी गेली, तरी दाणे येतच होते. मंगळवारी उशीवर दोन. बुधवारी बायकोच्या शालीवर चार. ढमी हल्ली मागचा भाग जमिनीवर टेकवून, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत दिवाणखान्यातून फिरायची, आणि तपासनीस म्हणायचे, "बघ कशी खेळतेय." मानेला मागच्या पायाने खसाखसा खाजवायची. दोन वेळचं जेवून तिसऱ्या वेळेला ओरडायची, तरी पाठीवरचे केस राठ आणि निस्तेज. बायको हे सगळं बघत होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. बायको बोलत नाही म्हणजे काय, हे त्यांना सत्तावीस वर्षांच्या नोकरीपेक्षा तीस वर्षांच्या संसाराने जास्त शिकवलं होतं. स्वयंपाक आता तीच करत होती, आणि भात वाढताना त्यांच्याकडे एक नजर टाकायची. बस.

शुक्रवारी सकाळी त्यांना आपल्याच पायमोज्यावर एक ताजा, पांढराशुभ्र दाणा मिळाला. त्यांनी तो छोट्या बाटलीत घातला आणि कोठारातल्या प्रयोगशाळेत नेला. एकदा वाण ठरला की कुठल्या दुकानातला माल ते कळेल, असा त्यांचा बेत होता. प्रयोगशाळेतल्या बाई त्यांच्याच वयाच्या, कामाला चोख. त्यांनी दाणा काचेवर घेतला आणि भिंगाखाली सरकवला. नेमके त्याच वेळी मोठे साहेब फेरीवर आले होते आणि दाराशी उभे होते.

"वाण कोणता, बाई?" तपासनीसांनी विचारलं.

बाईंनी भिंगातून पाहिलं. मग डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"वाण मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हा तांदूळ चालतोय."

"चालतोय म्हणजे? चांगला आहे ना?"

"नाही हो. चालतोय. तिकडे निघालाय बघा, काचेच्या कडेकडे."

मोठे साहेब पुढे आले. त्यांनीही पाहिलं. "घरी मांजर आहे का तुमच्या?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे तीन मांजरी होत्या. "पट्टकृमी आहे हा. म्हणजे त्याचा एक तुकडा. आतडी धरून बसतो आणि असे तुकडे तुटून बाहेर पडतात. वाळले की हुबेहूब तांदूळ. पण तुम्ही ओळखलं असेलच म्हणा. तुमच्या नजरेतून काय सुटणार?"

तपासनीसांना पहिल्यांदा आठवली ती आपली दाढ. उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी. ते उठून बेसिनपाशी गेले आणि त्यांनी इतक्या चुळा भरल्या की बाईंना पाण्याची टाकी बघायला जावं लागलं. मग आठवली सेक्रेटरींची दाढ. आणि या सगळ्याच्या खाली, हळूहळू, तिसरी गोष्ट वर आली. कठड्यावर ठेवलेली किल्ली. रुमालाची घडी त्यांनी स्वतः उलगडली होती. मावशी म्हणाल्या होत्या, जंत झालेत हिला. एका नजरेत सांगितलं होतं, चष्माही न लावता. आणि आपण हसलो होतो. तपासनीस बेसिनवर वाकून तसेच उभे राहिले. त्यांना इतकी लाज वाटली, की समोर आरसा होता तरी त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारी ढमीला टोपलीत कोंबून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दिला. त्यात 'जनावराचा उपयोग' असा रकाना होता आणि पुढे दूध, लोकर, ओझे, इतर. तपासनीसांनी 'इतर'वर खूण केली. "इतर म्हणजे काय ते लिहा," कारकून म्हणाला. "रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो." तपासनीसांनी विचार करून 'झोप' असं लिहिलं. कारकुनाने ते वाचलं, शिक्का मारला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तक्रार? जंत? मालकाला की जनावराला?"

डॉक्टर तरुण होते, पण शांत. त्यांनी ढमीची शेपटी वर केली आणि मान हलवली. मग मानेवरचे केस फणीने विंचरून काळे कण ओल्या कापसावर टेकवले. कापूस तांबूस झाला. "पिसवा. हे जंत पिसवांतून येतात. मांजर अंग चाटते, पिसू गिळते, पिसवेच्या पोटातून जंत हिच्या पोटात. म्हणून नुसती गोळी देऊन भागणार नाही. मानेवर पिसवांचं औषध टाका, पांघरुणं गरम पाण्यात धुवा आणि गोळी तीन आठवड्यांनी परत द्या. गोळी वजनावर असते, तेव्हा घरी आधी वजन करा. लक्षणं कधीपासून?"

"सहा दिवस. म्हणजे मला दिसली सहा दिवसांपूर्वी." तपासनीसांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, समजा एखाद्या माणसाने त्यातला एक दाणा... चावला तर?"

"चावला? का?"

"ओलावा बघायला."

डॉक्टरांनी खूप वेळ त्यांच्याकडे पाहिलं. हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. "त्याने काही होत नाही. पिसू गिळली तरच होतो. तुम्ही पिसू खाल्लीत का?"

"नाही," तपासनीस म्हणाले. सबंध आठवड्यात त्यांना आपल्याबद्दल सांगता येण्यासारखी ही एकच चांगली गोष्ट होती.

दोन गोळ्या मिळाल्या: एक आताची, एक तीन आठवड्यांनंतरची. वजनाला तपासनीसांनी कोठाराची रीत लावली. आधी पोत्यासकट वजन, मग नुसतं पोतं. म्हणजे आधी ढमीला घेऊन स्वतः काट्यावर, मग स्वतः एकटे, आणि तीन वेळा करून सरासरी. पहिल्या खेपेला ढमी त्यांच्या खांद्यावर चढली, दुसऱ्या खेपेला डोक्यावर, तिसऱ्या खेपेला ती काट्यावर राहिली आणि तेच खाली पडले. अखेर बायकोने तिला पिशवीत घालून पिशवी काट्यावर ठेवली. चार किलो दोनशे.

गोळी द्यायची वेळ आली तेव्हा दार उघडं होतं, आणि उघड्या दारातून सल्ला आत यायला वेळ लागत नाही. काकू म्हणाल्या, लोण्यात गुंडाळा. ढमीने लोणी चाटून घेतलं आणि गोळी स्वच्छ करून जमिनीवर ठेवली. मग टॉवेलात गुंडाळलं. त्यातून चार पाय बाहेर आले, पण ते आठ असल्याचा भास होत होता. तपासनीसांनी गोळी तिच्या तोंडात सारली, जबडा मिटला, गळा चोळला. ढमीने गिळल्यासारखं केलं, शांतपणे डोळे मिटले. सगळ्यांनी हुश्श केलं. दहा मिनिटांनी ती गोळी, अर्धी विरघळलेली, काकूंच्या गाठोड्यातल्या एका नव्या कोऱ्या सदऱ्याला चिकटलेली मिळाली. तपासनीसांच्या दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे.

"मावशींच्या हातून ती कडू औषधसुद्धा खायची," बायको म्हणाली. सहा दिवसांत ती पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलली होती.

"जातो मी त्यांच्याकडे."

"गोळीसाठी जाणार असाल तर पाऊल बाहेर टाकू नका."

तपासनीसांनी उरलेली गोळी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली बायकोच्या हातात दिली आणि निघाले.

मावशींचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. एक खोली, समोर पाण्याचा नळ. मावशी दारात बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. वाटेत तपासनीसांनी मनात चार वाक्यं तयार केली होती, पण ताट दिसल्याबरोबर त्यांची नजर सवयीने त्या तांदळावर गेली. आखूड दाणा, नवा माल. गेली तशी त्यांनी ती चटकन उचलली. पण मावशींना दिसलंच.

"बघा की," त्या म्हणाल्या. "घरचाच आहे. आणि हा चालत नाही."

म्हणजे प्रयोगशाळेतली बातमी फिरत फिरत इथपर्यंत आली होती. तयार केलेली चारही वाक्यं तपासनीस विसरले. "मावशी, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत आणि मी हसलो. मी फार वाईट वागलो."

मावशींनी एक खडा काढून बाजूला टाकला. "पिशवी रिकामी केलीत तुम्ही माझी. चार माणसांत. माझी फणी त्या सेक्रेटरींनी पाहिली." "दोन घरं गेली साहेब माझी. ती अजून बोलावत नाहीत. बरं, आता तुम्ही इथे येऊन चुकलं म्हणताय. इथे कोण ऐकतंय? हा नळ? जिथे बोललात तिथे बोला. जसं लिहिलंत तसं लिहा."

"लिहितो."

"सगळं लिहा."

"सगळं?" तपासनीसांचा हात नकळत गालावर गेला.

"सगळं," मावशी म्हणाल्या. आणि ते वळले तेव्हा मागून विचारलं, "ढमीने घेतली का गोळी?"

"नाही."

"घेणार नाहीच तुमच्याकडून," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा ताटात बघू लागल्या.

अहवाल लिहिताना तपासनीसांनी पहिल्या मसुद्यात 'नजरचुकीने' असा शब्द वापरला होता. तो त्यांनी खोडला. दुसऱ्या मसुद्यात 'तांत्रिक कारणास्तव' होतं. तेही खोडलं. रविवारी सकाळी शेवटचा कागद घेऊन ते फलकापाशी गेले तर सेक्रेटरी फलकाला पाठ लावूनच उभे.

"हे लावता येणार नाही. सूचना लावायला समितीची मंजुरी लागते."

"पहिल्या अहवालाला लागली नव्हती."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती." सेक्रेटरींनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, मी पण चावलाय ना तो! तुमच्याच सांगण्यावरून! नुसतं 'प्रकरण मिटले' असं लिहा. आपण दोघेही सुटू."

"तुमचं नाव घातलेलं नाही मी. तुमचा काही दोष नाही त्यात," तपासनीस म्हणाले. "पण मावशींचं घातलंय. सरका."

का कोण जाणे, सेक्रेटरी सरकले. तपासनीसांनी कागद लावला. त्यावर लिहिलं होतं: 'नमुना क्रमांक एक, दुरुस्ती. सदर नमुना तांदूळ नसून निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या मांजरीच्या आतड्यातील जंताचे वाळलेले तुकडे आहेत. कीड नाही असे लिहिले होते. नमुना हीच कीड आहे. निम्नस्वाक्षरीकर्त्याने तो दाताने चावून पाहिला व तरीही ओळखला नाही. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तो पाहताक्षणी ओळखून तसे सांगितले होते. ते न ऐकता निम्नस्वाक्षरीकर्त्याने त्यांची पिशवी जिन्यात उघडायला लावली. त्यांच्या पिशवीत त्यांच्या वस्तूंखेरीज काहीही नव्हते. रुमालात मिळाला तो तुकडाही आमच्याच घरातून गेला होता.' खाली सही, हुद्दा.

मग ते तिथेच, फलकाच्या शेजारी उभे राहिले. जायचं नाही असं ते घरून ठरवूनच आले होते. मावशी जिन्यात उभ्या होत्या, तेव्हा आपणही उभं राहायचं. माणसं उतरली, वाचली. काही जण शेवटपर्यंत गंभीर राहिले आणि बाहेर जाऊन हसले. काही जणांना बाहेर जाईपर्यंत दम निघाला नाही. ज्यांनी वाट्या आणल्या होत्या त्यांनी विशेष बारकाईने वाचलं. काकूंनी वाचलं, आपण पुडीचा वास घेतला होता हे त्यांना आठवलं आणि त्या तशाच घाईघाईने वर गेल्या. तपासनीसांचे कान तापले होते, पाय दुखत होते, घाम कॉलरच्या आत उतरत होता. अकराच्या सुमाराला मावशी आल्या. फलकापाशी थांबल्या आणि बोट ठेवून एकेक ओळ सावकाश वाचली. मग जिना चढायला लागल्या. तपासनीस त्यांच्यामागून, दोन पायऱ्या अंतर ठेवून.

मावशींनी पिशवी त्याच खुर्चीवर ठेवली. कपाटातली गोळी मागून घेतली, ढमीला मांडीवर घेतलं, एका हाताने जबडा उघडला आणि गोळी जिभेच्या पार मागे ठेवली. नाकावर फुंकर मारली. ढमीने गिळली. "तोंड उघड," मावशी म्हणाल्या, आणि तिच्या जिभेखाली, गालाच्या आत बोट फिरवून पाहिलं. "लबाड असतात या. तपासलेलं बरं." सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. तपासनीसांनी आपल्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं.

दोन्ही घरांनी मावशींना परत बोलावलं. सगळं पहिल्यासारखं झालं, फक्त एक गोष्ट झाली नाही. रोज काम आटोपून निघताना मावशी तपासनीसांच्या समोर यायच्या, पिशवीचं तोंड उघडायच्या आणि धरून उभ्या राहायच्या. छत्री, फणी, रुमाल.

"अहो मावशी, हे काय?"

"बघून घ्या, साहेब."

"पुरे ना आता."

"राहू दे. तुम्हाला सवय आहे."

आवाजात राग नसायचा, म्हणूनच जास्त लागायचं. पहिल्या आठवड्यात ते पेपर तोंडासमोर धरायचे. मावशी पेपर संपेपर्यंत उभ्या राहायच्या. दुसऱ्या आठवड्यात ते त्या वेळी न्हाणीघरात जाऊन बसायला लागले, तर मावशी दाराबाहेर थांबायच्या. बायकोला सांगून पाहिलं. बायको म्हणाली, "मग बघा ना पिशवी. तुम्हाला बघायचीच होती."

त्यात आणखी एक दुखणं. डॉक्टरांनी काही होत नाही म्हणून सांगितलं होतं, पण तपासनीसांचं पोट ते मानायला तयार नव्हतं. जरा गुरगुरलं की ते बोलता बोलता थांबायचे. भूक लागली की वाटायचं, ही आपली की त्याची? आपल्या डॉक्टरकडे जाऊन 'मी असं असं चावलं' म्हणायची मात्र हिंमत नव्हती. ते कुणाला बोलले नाहीत. पण भाताचा घास तोंडाशी नेऊन ते क्षणभर थांबतात, हे वाढणाऱ्याला दिसल्याशिवाय कसं राहील?

तीन आठवडे झाले. दुसऱ्या गोळीचा दिवस. डॉक्टरांकडून आणखी एक मागून आणलेली होती. मावशींनी ती ढमीला दिली, जिभेखाली बोट फिरवलं आणि तिला सोडून दिलं. पांघरुणं तीनदा धुऊन झाली होती. उशीवर, शालीवर, खुर्चीवर दोन आठवडे एक दाणा दिसला नव्हता, आणि ढमीचं ते कौतुकाचं बाळसंही उतरलं होतं. जाताना मावशी नेहमीप्रमाणे तपासनीसांसमोर आल्या आणि त्यांनी पिशवी उघडली. तपासनीसांनी मान खाली घातली आणि पाहिलं. छत्री, फणी, रुमाल. रुमालावर कागदाची छोटी पुडी.

"हे काय?"

"तुमची," मावशी म्हणाल्या. "मी सकाळी ज्या डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला जाते त्यांना विचारून आणलीय. त्या म्हणाल्या, गरज काही नाही, पण जिवाला घोर लागला असेल तर घेऊ दे एक. माणसांचीच आहे."

तपासनीसांनी बायकोकडे पाहिलं. ती पाण्याचा पेला घेऊन आधीच उभी होती. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि गिळली. "मावशी," ते म्हणाले, "मी तुम्हाला..."

"तोंड उघडा," मावशी म्हणाल्या.

"अं?"

"उघडा. जीभ वर."

सत्तावीस वर्षांचा अनुभव असलेल्या तपासनीसांनी, खुर्चीवरची मांजर बघत असताना, तोंड उघडलं आणि जीभ वर केली. मावशींनी वाकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खालची शेवटून दुसरी दाढसुद्धा नीट पाहून घेतली.

"तपासलेलं बरं," त्या म्हणाल्या, पिशवीचं तोंड मिटलं आणि निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती उघडून दाखवली नाही.